डोल म्हणजे नाही

मराठीत मानेला कामं फार. माणूस मान मोडून राबतो, मान खाली घालून घरी येतो, कुणापुढे तरी मान तुकवतो, एखाद्या लचांडातून मान सोडवून घेतो आणि शेवटी एक दिवस मान टाकतो. मी मान सांभाळते. 'मान' हे एका प्रोग्रॅमचं नाव आहे. परदेशातले लोक त्याला 'मॅन' म्हणतात आणि तो एक बाई चालवते हे कळलं की हसणारा चेहरा पाठवतात. पूर्वी मी त्यांना समजावून सांगायची. आता मीही हसणारा चेहरा पाठवते.

'मान'चं काम एवढंच, की कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची मान कशी हलली ते ओळखायचं. प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा, विचारायचीही गरज नाही. पाणपोईसारखा प्रकार आहे. पाणी सगळं गाव पितं, माठ भरायला एक-दोघंच असतात, आणि माठ रिकामा दिसला की गाव त्यांच्यावर ओरडतं. कॅमेरे बदलतात, फोन बदलतात, संगणकाच्या आतली यंत्रणा दर वर्षी बदलते, आणि प्रत्येक बदलाला 'मान' कुठे ना कुठे कुरकुरते. ती कुरकुर ऐकायची, दुरुस्त करायची, बाकीचं सगळं अजून चालतंय ना ते बघायचं. नवीन काही करण्यात मजा असते, म्हणून नवीन करायला चिकार लोक येतात. झाडलोटीला कुणी थांबत नाही. "आमचं काम अडलंय, आजच्या आज दुरुस्त करा," असं लिहिणारे मात्र रोज भेटतात. मी दिवसा पगाराची नोकरी करते, घरूनच, आणि उरलेल्या वेळात जगाच्या माना बघते. आप्पा याला फुकटची हमाली म्हणायचे.

आप्पा माझे वडील. मिरजेत गुरव सरांचा गाण्याचा क्लास म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. क्लासात दोन तानपुरे होते, पेटी नव्हती. हार्मोनियमवर आप्पांचा राग होता. "पेटीत दोन पट्ट्यांच्या मधलं काही नसतं," ते म्हणायचे, "आणि गाणं तर सगळं तिथंच असतंय."

'मान'चा जन्म या क्लासात झाला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला हलणाऱ्या मानांचे व्हिडिओ हवे होते, आणि आप्पांच्या गुरुवारच्या बैठकीत सतरंजीवर मानांना काय तोटा! मी कोपऱ्यात कॅमेरा लावून बसायची. प्रोग्रॅम चेहऱ्यावरचे काही बिंदू धरतो: नाकाचा शेंडा, हनुवटी, कानांच्या पाळ्या. नाक वर-खाली गेलं की होकार. नाक डावी-उजवीकडे गेलं की नकार. पण बैठकीतल्या माना तिसरंच काहीतरी करायच्या. नाक जागच्या जागी, आणि कान आळीपाळीने खांद्यांकडे. गाण्यात एखादी सुरेख जागा आली की पुढच्या रांगेतला माणूस डोळे मिटून मान अशी हलवतो, की अनोळखी माणसाला वाटावं, हा नको नको म्हणतोय. तो म्हणत असतो, वा, क्या बात है. या तिसऱ्या हालचालीला मी 'डोल' असं नाव दिलं. तिला इंग्रजीत शब्द सापडला नाही, म्हणून जगभर ती अजून 'डोल'च आहे.

आप्पांची मान या कामी सगळ्यांत उपयोगी पडली, कारण ते दाद द्यायला उदार होते. शिष्यांना द्यायचे, रेडिओला द्यायचे, एकदा तर त्यांनी कुकरच्या शिट्टीला दिली होती, ती नेमकी पंचमात लागली म्हणून. मला कधी दिली नाही. मी गायले की ते मान ताठ ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." यमनमधला खालचा निषाद माझा किंचित उतरायचा. "पुन्हा." मी पुन्हा लावायची. "पुन्हा." कॉलेजात जायच्या आधीच मी त्या शब्दाला कंटाळले आणि तानपुरा खाली ठेवला. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. एका घरात राहून, एकमेकांचा चहा करून, आम्ही त्यावर इतकी वर्षं बोललो नाही.

आमच्या प्रकल्पात माठ भरणारा दुसरा माणूस म्हणजे रादोस्लाव. तो बल्गेरियातला. त्याच्या देशात होय-नाहीच्या माना आपल्या उलट्या असतात, आणि तो आला तोच भांडत आला. "तुमच्या प्रोग्रॅमने माझ्या आजीला मधुमेह असताना दोनदा केक खायला लावला," हे त्याचं पहिलं वाक्य. आजी नाही म्हणत होती, 'मान' होय वाचत होती. भांडून झाल्यावर तो राहिला, हीच त्याची थोरवी. आम्ही दोघांनी मिळून 'रीत' नावाची एक छोटी फाईल केली. कुठल्या मुलखात कुठल्या हालचालीचा अर्थ काय घ्यायचा, एवढंच त्या फाईलमध्ये. ती जगात कुठेही वापरली जाते, म्हणून एक नियमही केला. 'रीत'मध्ये बदल करायचा तर आम्हा दोघांची मंजुरी हवी. नियम माझाच.

मग 'मान' दवाखान्यांत गेली. माणूस मान हलवायचं मनात आणतो तेव्हा मानेचे स्नायू आधी थरथरतात. अंग पूर्ण लुळं पडलेल्या रुग्णात पुढची हालचाल होतच नाही, नुसती थरथर उरते, केसाच्या जाडीएवढी. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. पण कॅमेरा एका सेकंदात पुष्कळ चित्रं घेतो, आणि एकापाठच्या एका चित्रातला बारीक फरक गणिताने मोठा करता येतो. तसा केला की निपचित पडलेला माणूस चक्क होय-नाही बोलताना दिसतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी रडले होते. कुठल्याशा बाईला तिच्या नवऱ्याने सहा महिन्यांनी 'होय' म्हटलं होतं.

त्यातून पुढे कायदा आला. निपचित रुग्णाच्या उशाशी नातेवाइकांची भांडणं व्हायची, एकाला ऑपरेशन हवं असायचं, दुसऱ्याला नको. कायद्याने सांगितलं, रुग्णालाच विचारा. प्रमाणित यंत्राने दोन वेगवेगळ्या दिवशी विचारायचं. एकदा जरी होय आलं तरी उपचार करायचे. दोन्ही वेळा नाही आलं की ते त्याचं शेवटचं म्हणणं, त्यावर मुलगा-मुलगी कुणाचं चालणार नाही. चांगला कायदा आहे. मी त्याच्या बाजूने लेखही लिहिला होता. यंत्राचं नाव 'साक्षी'. खाटेच्या वर भिंतीला लावतात. दवाखान्यात तिला सगळे पेटीच म्हणतात.

आप्पा पडले ते दोन हजार अडतीसच्या फेब्रुवारीत, शिष्याला तान सांगता सांगता. मेंदू जिथे पाठीच्या कण्याला जोडतो तिथे रक्तस्राव झाला होता. डोळे बहुतेक मिटलेले, हातपाय गेलेले, वाचा गेलेली. डॉक्टर मुजावरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "ताई, आत समज शिल्लक आहे. माणूस जागा आहे. पण लाळ छातीत उतरतेय. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली, तर बरीच वर्षं काढतील. नाही बसवली तर दिवसांचा प्रश्न आहे."

"मग बसवा ना."

"पेटी विचारेल," ते म्हणाले.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काचेबाहेर होते. पेटीचा आवाज बाईचा आहे, शांत, शाळेतल्या चांगल्या बाईंसारखा. "दिगंबर गुरव, आपल्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवावी, याला आपली संमती आहे का?" आप्पा तसेच पडून होते. थोड्या वेळाने पेटीवरचा दिवा लाल झाला. "नाही. नोंद झाली."

मला वाटलं, गवयाचा गळा, त्याला सुरी लावायची म्हटल्यावर नाहीच म्हणणार. मग डॉक्टरांनी आलेख दाखवला, आणि तो तर मी झोपेतही वाचू शकते. नाकाची रेघ सपाट होती. कानांची रेघ वर-खाली होत होती, संथ, सारख्या लयीत.

"हा डोल आहे," मी म्हणाले. "डॉक्टर, हे नाही म्हणत नाहीयेत. हे दाद देतायत."

"कशाला?"

मी कान दिला. आप्पांच्या पाठीखाली हवेची गादी होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून देतात ती, आणि तिचा पंप खाटेच्या दांड्याला टांगलेला. तो घुमत होता. बरोब्बर काळी एक. आप्पांची पट्टी. इतक्या दिवसांत त्या खोलीत त्यांना भेटलेली एकमेव सुरेल गोष्ट.

डॉक्टर मुजावर हसले नाहीत, ही त्यांची भलाई. "तुम्ही म्हणता ते खरंही असेल," ते म्हणाले. "पण मला त्यांची मान हललेलीच दिसत नाही. पेटीला दिसते. मग पेटीने लिहिलेलं खोडून मी काय लिहू?"

"डोल लिहा."

"तसा रकाना नाही, ताई. होय आणि नाही, दोनच."

पेटीत दोन पट्ट्यांच्या मधलं काही नसतं. हे वाक्य मला तेव्हाच आठवलं, आणि इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्यांदा विचारायचं ते परवा. मी साक्षी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. चार माणसं ओलांडून कर्णिक नावाचे त्यांचे तांत्रिक प्रमुख भेटले. नाव सांगताच ते खुर्चीतून उठलेच असावेत. "शलाका गुरव? 'मान'वाल्या? अहो मॅडम, आमची अख्खी टीम तुमची फॅन आहे!"

मी सगळं सांगितलं. चांगले गृहस्थ होते, त्यांच्या आवाजात अवघडलेपण आलं. "मॅडम, पेटी प्रमाणित आहे. आतलं काहीही बदललं की प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. सात-आठ महिने जातात."

"आत 'मान'ची किती जुनी आवृत्ती आहे?"

त्यांनी सांगितली. मी आणि रादोस्लावने जिच्यात नंतर शंभर चुका काढल्या, ती. पण डोल तिलाही ओळखता येत होता. डोल ओळखून झाल्यावर पेटी त्याला नाही म्हणत होती.

"शंका म्हणजे नकार," कर्णिक म्हणाले. "संमतीचं तत्त्वच ते आहे. स्पष्ट होय नसेल तर माणसाला हात लावायचा नाही. तुमच्याच 'रीत'मध्ये तसं आहे, मॅडम."

होतं. बरोबरही होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच लिहीन.

"मी स्वतः लेखी देते, की इथे यंत्र चुकतंय. मी बनवलंय ते."

"तुम्ही पेशंटची मुलगी आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि परवान्यात तुमचंच वाक्य आहे ना... हा प्रोग्रॅम आहे तसा दिला आहे, त्याच्या परिणामांची कोणतीही हमी नाही."

ते वाक्य प्रत्येक खुल्या प्रोग्रॅमच्या खाली असतं. कुणी वाचत नाही. मीही ते चिकटवताना वाचलं नव्हतं. आज ते मला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. मी आभार मानून फोन ठेवला, का मानले देव जाणे.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा घेऊन बसले होते, तेव्हा कर्णिकांचं एक वाक्य डोक्यात परत फिरून आलं. तुमच्याच 'रीत'मध्ये तसं आहे. पेटी सीलबंद, आतली 'मान' गोठलेली. पण 'रीत'? मी फोनवर आमच्या नोंदी बघितल्या. ती फाईल त्यांनी पेटीत भरलेलीच नव्हती. प्रत्येक पेटी रोज पहाटे ती आमच्याकडून, आमच्या जागेवरून उतरवून घेत होती. वर्षानुवर्षं. कंपनीत आता ते कुणाला आठवतही नसणार. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पेट्या रोज सकाळी माझ्याकडे येऊन विचारत होत्या, बाई, आज डोल म्हणजे काय?

आणि मी म्हणू शकत होते, होय.

चहा तसाच राहिला. मी रादोस्लावला फोन लावला. त्याला आप्पांचं माहीत होतं. गेल्या आठवड्यात माझी सगळी झाडलोट त्याने एकट्याने केली होती.

"एक शब्द बदलायचा आहे," मी म्हणाले. "सांगली जिल्हा, डोल. नाहीच्या जागी होय."

तो म्हणाला, "फक्त तुझ्या दवाखान्यापुरतं करता येणार नाही?"

"तुलाही माहितीये. 'रीत' जिल्ह्यापेक्षा बारीक होत नाही."

"मग मला विचारू नकोस," रादोस्लाव म्हणाला.

"का?"

"कारण तू विचारलंस तर मी हो म्हणेन. आणि मग आपण दोघं कशासाठी होतो?"

ज्याला मी कधी प्रत्यक्ष भेटले नाही, असा तो माणूस माझ्या बापासाठी रडत होता. मी फोन बंद केला आणि लॅपटॉप उघडला. बदल लिहायला किती वेळ लागतो? एक शब्द खोडला, एक लिहिला. खाली बटण होतं. मंजुरीसाठी पाठवा.

आप्पांच्या शेजारच्या खाटेवर वाचा गेलेल्या एक आजी होत्या. सडलेला पाय कापायचा होता. पहिल्या वेळी त्यांनी ठणठणीत नकार दिला होता, नाक डावी-उजवीकडे करून. मी आलेख न बघताही ओळखला असता. त्यांनाही दुसऱ्यांदा विचारायचं होतं. औषधाच्या गुंगीत असल्या की आजींची मान डोलायची, त्यात अर्थ काही नसायचा. डोल म्हणजे होय झालं, की आजींचा पाय जाणार होता, त्यांच्याच संमतीने. आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या खाटांवर कोण कोण होतं, ते मला माहीतही नव्हतं.

मी शब्द परत होता तसा केला. कुणी बघत नव्हतं, कुणी शाबास म्हणणार नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वगैरे वाटला नाही. बापाच्या गळ्यातली नळी मी माझ्या हाताने काढून घेतली, असंच वाटलं.

उरला एकच उपाय. आप्पांना सरळ होय म्हणायला शिकवायचं.

भेटायच्या वेळेत मी त्यांच्या कानाशी बसले. एक बोट हनुवटीखाली ठेवलं. "आप्पा, डोलायचं नाही. हनुवटी छातीकडे. वर-खाली. एवढंच." काही नाही. "पुन्हा." काही नाही. "पुन्हा, आप्पा." माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि मीच दचकले. खाटेजवळ फडकं मारणाऱ्या शेवंतामावशी म्हणाल्या, "वरडताय कशाला त्यास्नी, दमानं घ्या की." मी दमाने घेतलं. कितव्या वेळी कोण जाणे, बोटाखाली एक बारीक ओढ लागली. सरळ खाली.

"आप्पा, नळी बसवायची? गळ्याला छेद द्यावा लागेल. गाणं..." मी बोट हनुवटीखाली नीट धरलं. "जगायचंय ना तुम्हाला?"

ओढ. सरळ खाली. मग पुन्हा एकदा, न विचारता.

मी धावत डॉक्टर मुजावरांकडे गेले. त्यांनी स्वतः येऊन हनुवटीखाली बोट धरलं. आप्पा तोवर दमून झोपले होते. "ओढ मला जाणवली असती तरी," डॉक्टर म्हणाले, "बोटाची साक्ष धरत नाहीत. पण त्यांना जमतंय ना? मग परवा पेटीला दिसेल. काळजी करू नका." पंप बंद ठेवायचं मात्र त्यांनी लगेच कबूल केलं. मला बरं वाटलं. त्या रात्री मी जेवले.

विचारायच्या दिवशी आप्पांना ताप होता. शेवंतामावशींनी पंपाचं बटण बंद केलं आणि खोली एकदम पोरकी झाली. नियम असा, की रुग्णाला जागं करायला ओळखीचा एक माणूस खाटेजवळ थांबू शकतो. जागेपणाची पहिली हालचाल दिसली की पेटी आपणहून प्रश्न सुरू करते. प्रश्न सुरू झाल्यावर जवळच्या माणसाने शब्द काढायचा नाही. काढला तर ते दडपण धरतात, आणि ते नकारात जातं. जाग आलीच नाही तर तेही नकारात जातं. हालचाल दिसताच पुढचं काम सुरू करायची सोय आमचीच. दमलेल्या रुग्णाला ताटकळावं लागू नये म्हणून केली होती.

"आप्पा," मी हाक मारली. "आप्पा, मी शलाका."

काही नाही. दंडाला हात लावला, कपाळावर ओला बोळा फिरवला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते आणि मी बघतेय हे कळताच त्यांनी हात खाली केला. "आणखी एकदा हाक मारा, ताई. मोठ्याने."

मी मोठ्याने मारली. शेजारच्या आजी जाग्या झाल्या. आप्पा नाही झाले.

लहानपणी ते दुपारचे झोपले की त्यांना हाकेने जाग यायची नाही. आई म्हणायची, तानपुरा छेड, उठतील. मला ते आठवलं, आणि त्यातला धोकाही त्याच क्षणी कळला. पण गप्प बसले तर निकाल ठरलेलाच होता. मी ठरवलं, नुसता सा लावायचा, एकदाच, हळू, आणि थांबायचं. ते वर आले की दाद द्यायला काही उरू द्यायचं नाही.

माझी पट्टी काळी चार. मी त्यांच्या काळी एकमध्ये सा लावला. इतक्या वर्षांनी लावला, कापरा लागला. आप्पा हलले नाहीत. मी परत लावला, जरा भरून. नाही. आणि मग घसा आपल्या जुन्या वाटेने गेला. सा वरून खाली, निषादावर, यमनच्या त्या जागी जिथे मी प्रत्येक वेळी पडायची.

निषाद लागला. कसा ते मला माहीत नाही. भीतीने लागला असेल, वयाने लागला असेल. त्या स्वच्छ, शांत खोलीत तो नेमका जिथे असायला हवा तिथे जाऊन उभा राहिला, आणि मला तो माझा वाटेना.

आप्पांचा डावा कान उशीकडे झुकला.

उघड्या डोळ्यांना दिसू नये एवढंच ते होतं. पण ती मान मी जन्मभर बघत आले आहे. आधी डावा कान, मग एक क्षण थांबणं, मग उजवा. पापण्या घट्ट मिटलेल्या. दुसऱ्यांच्या मुलांना दिलेली, रेडिओला दिलेली, कुकरला दिलेली ती दाद.

"दिगंबर गुरव," पेटी म्हणाली, "आपल्या गळ्याला छेद देऊन..."

मी तोंडावर हात दाबला. वर-खाली, आप्पा. हनुवटी छातीकडे. मी मनात किंचाळत होते. प्रश्न संपला. निषाद कधीच विरून गेला होता, पण त्यांच्यात तो चालू होता. ते त्याला सोडायला तयार नव्हते. डावा कान, थांबणं, उजवा कान. मी उभी राहून माझी आयुष्यभर वाट बघितलेली दाद घेत होते आणि ती थांबावी म्हणून देवाला हात जोडत होते.

दिवा लाल झाला.

"नाही," पेटी म्हणाली. "नोंद झाली."

"पुन्हा," मी म्हणाले.

डॉक्टर मुजावरांनी मान खाली घातली.

"पुन्हा विचारा, डॉक्टर. एकदाच. ते नाही म्हणाले नाहीत, ते मला... पुन्हा विचारा."

"ताई," ते म्हणाले. पेटीच्या कॅमेऱ्यावरचं झाकण आपोआप मिटलं. तिचं या खाटेवरचं काम झालं होतं. शेवंतामावशी पदराने डोळे पुसत पंपाचं बटण शोधत होत्या, मी त्यांना हातानेच थांबवलं.

आप्पांची मान अजून डोलत होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि तोच निषाद पुन्हा लावला.